अंघोळीचा चहा आणि माझं नाक

अंघोळीच्या चहात दूध-साखर घालायची नसते, हे पाकिटावर छापायला हवं, असं मला धंदा सुरू केल्यावर चौथ्या महिन्यात कळलं. मद्रासच्या वेस्ट मांबलममध्ये आम्ही ज्यांच्या घरात भाड्यानं राहतो त्या अक्का तंजावरकडच्या. त्यांचं घराणं तिकडे जाऊन किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही सांगता येत नाही. मराठी मात्र त्यांनी सोडलेली नाही, फक्त ती तमिळच्या चालीवर बोलतात. त्यांना मी कौतुकानं पहिलं पाकीट भेट दिलं होतं. आठवड्यानं जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "तू दिलास तो चहा प्याले की. चव काही नाही. पण पोट बरं जाहलं."

मी काय बोलणार? 'बरं झालं' म्हणालो आणि वर आलो. खरं सांगितलं तर त्या ओशाळतील, असं मी स्वतःला समजावलं. वास्तविक मला भीती वाटली होती, आणि ती अक्कांच्या पोटापेक्षा माझ्या धंद्यासाठी जास्त होती. गप्प बसून वेळ मारून नेणं हा माझा जुना गुण. बँकेत तेवीस वर्षं काचेमागे बसून तो मी चांगला जोपासला. या लेखात जे सांगायचं आहे तेही त्या गुणामुळेच घडलं. अक्कांचं पोट निदान बरं झालं. दुसऱ्या एका माणसाचं माझ्या गप्प बसण्यानं जे झालं त्याला औषध नव्हतं.

आधी धंदा काय ते सांगतो, कारण अजूनही आमचे नातेवाईक 'तो मद्रासला चहा विकतो' असंच समजतात. नवं शतक लागलं त्याच सुमाराला बँकेनं स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. मी सेहेचाळीस वर्षांचा होतो, आणि ऐच्छिक काय नि सक्तीचं काय हे ओळखण्याइतका अनुभवी होतो. घरी बसलो. तेव्हा सुनंदाच्या भाचीनं परदेशातून येताना एक सुंदर डबी आणली. आत मलमलीच्या फीतवाल्या पुरचुंड्या होत्या आणि त्यांत वाळकी पानं, फुलं, साली. गरम पाण्यात बुडवायची आणि त्या पाण्यानं अंघोळ करायची. त्याला म्हणायचं 'बाथ टी'. सुनंदा, म्हणजे माझी पत्नी, हुंगून म्हणाली, "हे आपलं उटण्याचंच सामान आहे. फक्त कुटायचा कंटाळा केलाय." या एका वाक्यावर मी आयुष्यातला दुसरा व्यवसाय उभा केला.

कृती सोपी आहे. वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, गव्हला, निरगुडीचा पाला, थोडा कडुनिंब, संत्र्याची साल आणि गुलाबाच्या पाकळ्या. सगळं सावलीत वाळवायचं आणि जाडसर भरडायचं. पीठ करायचं नाही, पीठ झालं तर कापडातून बाहेर येतं आणि गिऱ्हाईक अंघोळीनंतर जास्त मळकट दिसतं. मग मलमलीच्या चौकोनात मूठभर घालून दोऱ्यानं गाठ मारायची. अर्धी बादली कडकडीत पाण्यात ती दहा मिनिटं ठेवायची आणि मग विसण घालायचं. गुण म्हणाल तर निम्मे गरम पाण्याचे आणि निम्मे त्या दहा मिनिटांत गिऱ्हाइकाला गप्प बसावं लागतं त्याचे. आमचा म्हणून जो असतो तो फक्त वास. वास गेला की आमच्या पुरचुंडीत आणि वाळक्या पालापाचोळ्यात काही फरक राहत नाही. हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहून ठेवतो.

मुहूर्तही मी असा गाठला की विचारू नका. धंदा जरा रांगतोय तोच शहरात पाण्याची टंचाई सुरू झाली. नळ कोरडे, विहिरी कोरड्या, गल्लीत टँकर आला की लोक प्लास्टिकचे घडे घेऊन धावायचे. आणि त्या गर्दीच्या कडेनं मी पिशवीत अंघोळीचा चहा घेऊन टी. नगरच्या एका दुकानात पोहोचवायला निघालेला. दुकानदारानं एकदा मला बसवून घेतलं आणि अत्यंत सभ्यपणे विचारलं की, सार, तुम्ही पाणीपण देता का? त्यावर मी निम्म्या आकाराची 'अर्धी बादली' नावाची पुरचुंडी काढली. ती आमच्या सगळ्या मालात जास्त खपली. माझ्या धंदेवाईक बुद्धीचं एवढं एकच उदाहरण आहे आणि त्याचं श्रेय न पडलेल्या पावसाला आहे.

त्याच वर्षी मी एका सज्जन मुलाला राखाडी केलं. हा पुण्याचा मुलगा, कॉम्प्युटर कंपनीत होता, अड्यारला फ्लॅटमध्ये राहायचा. मुलगी बघायला जायचं म्हणून त्यानं आमचं खास पाकीट नेलं. केस चांगले दिसावेत म्हणून मी त्यात आवळकाठी वाढवली होती. आमच्याकडे साठवलेल्या नळाच्या पाण्यावर सगळं करून पाहिलं होतं. पण त्याच्या इमारतीत बोअरचं पाणी, लोहानं पिवळं झालेलं. आवळकाठी आणि लोह एकत्र आलं की शाई होते, ही गोष्ट सांगलीच्या कृष्णेच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला कशी ठाऊक असणार? त्याचा फोन आला तेव्हा तो फक्त एवढंच म्हणाला की, काका, नखं धुतली जात नाहीत. लग्न जमलं. मुलीच्या वडिलांना वाटलं मुलगा स्वतःची मोटारसायकल स्वतः दुरुस्त करतो.

या गोष्टी मी चारचौघांत हसून सांगतो. सांगत नव्हतो ती गोष्ट अशी.

आमचं सामान मी जॉर्ज टाउनमधल्या एका काष्ठौषधींच्या दुकानातून आणायचो. मांबलमहून गाडीनं बीच स्टेशनला उतरायचं आणि गल्ल्यांतून चालत जायचं. दुकान जेमतेम दोन पुरुष रुंद. पोत्यांच्या मध्ये एका लाकडी पेटीवर म्हातारे शण्मुगम बसलेले. कमरेला पांढरी वेष्टी, खांद्यावर पंचा, कपाळावर विभूती. सगळे त्यांना 'अय्या' म्हणत, मीही म्हणू लागलो. त्या पेटीवर ते पन्नास वर्षं बसत होते. त्यांचा मुलगा मुरुगेसन, चाळिशीचा, वजनं करायचा आणि हिशोब सांभाळायचा. माल चांगला की वाईट हे मात्र फक्त अय्या ठरवत, आणि ठरवत ते नाकानं.

वाळा कसा घ्यायचा हे मला त्यांनी शिकवलं. कोरडा हुंगायचा नाही. तळहातावर पाण्याचे दोन थेंब घ्यायचे, मुळं त्यात चोळायची, डोळे मिटायचे आणि एकदाच, छोटासा श्वास घ्यायचा. कारण या मालात एक लबाडी चालते. अत्तरवाले वाळ्याची मुळं उकळून त्यांचं तेल काढून घेतात. मग तीच मुळं वाळवून पुन्हा बाजारात येतात. दिसायला सारखीच असतात. अय्या त्यांना 'सेत्तुपोन वेर' म्हणायचे, म्हणजे मेलेली मुळं. आपल्या पेटीसमोरून पन्नास वर्षांत मेलेलं मूळ विकलं गेलं नाही, एवढी एकच बढाई ते मारत.

पहिल्याच महिन्यात त्यांनी माझी परीक्षा घेतली. कागदाच्या कपट्यांवर पाच चिमटी ठेवल्या आणि डोळे मिटायला सांगितलं. मी पाचही ओळखल्या. शिवाय चौथ्या चिमटीत कपूरकाचरीबरोबर जरासा ओवा मिसळलाय, असंही म्हणालो. त्यात माझी हुशारी काही नव्हती. सांगलीला दर दिवाळीला आई उटणं करायची आणि पाट्यापाशी बसून नाव ओळखायचा खेळ आम्ही भावंडं खेळायचो. पण अय्या खूश झाले. ओवा त्यांनी मुद्दाम घातला होता. त्या दिवसापासून मी त्यांचा 'मूक्कु सार' झालो. मूक्कु म्हणजे नाक. दुकानात शिरलो की ते भर गिऱ्हाइकांत ओरडून म्हणत, नाक साहेब आले, जागा द्या. नवा माल आला की मी येईपर्यंत पोतं उघडत नसत. आधी ते हुंगायचे, मग मी, आणि मग दोघंही एकमेकांकडे न बघता मान हलवायचो. तेवीस वर्षं बँकेत कुणी माझं मत विचारलं नव्हतं. मी फुगलो नसतो तरच नवल.

मग एका पावसाळ्यात मला तापानं धरलं. आठ दिवस सर्दी, डोकं जड. बरा झालो. नाक मोकळं झालं, श्वास छान येऊ लागला, आणि दिवाळी तोंडावर म्हणून मी लगेच बाजार गाठला. शनिवार होता. दुकान भरलेलं. अय्यांनी वाळ्याचं नवं पोतं माझ्यासाठी राखून ठेवलेलं. उघडलं. मी पाणी घेतलं, मुळं चोळली, डोळे मिटले.

काहीच नाही. कागद चोळावा तसं.

दुसरी जुडी घेतली. तिसरी घेतली. आणि सगळ्यांदेखत, माझ्या मोडक्या तमिळमध्ये, पण मोठ्यानं आणि स्वच्छ म्हणालो की अय्या, ही मेलेली मुळं आहेत.

अय्यांनी माझ्या हातातली जुडी घेतली, चोळली, हुंगली. पुन्हा हुंगली. मग अगदी हळू, जणू माझी परवानगी मागावी तसं म्हणाले, "मला येतोय वास."

आणि मी म्हणालो, "अय्या, वयानं होतं असं. सवयीनं वास आल्यासारखा वाटतो."

हे वाक्य मला सुचलं कुठून, ठाऊक नाही. मी ते समजूतदारपणे म्हणालो, हेच वाईट. चिडून म्हणालो असतो तर त्यांनी मला हाकलून दिलं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जुडी पोत्यात ठेवली आणि मुरुगेसनला पोतं परत पाठवायला सांगितलं.

दोन दिवसांनी मी स्वयंपाकघरात ओट्याला पाठ टेकून पेपर वाचत होतो. सुनंदा खालून वर आली ती पळतच. गॅसवर दूध जळून पातेलं काळं झालं होतं, करपल्याचा वास खालपर्यंत गेला होता आणि मी अग्रलेखाच्या मध्यावर होतो. "अहो, वास नाही आला तुम्हाला?" तिनं विचारलं. मी म्हणालो, वाचनात होतो. मग ती पातेलं घासायला बसली आणि मी मोरीत जाऊन डेटॉलची बाटली उघडली. मग मिसरीचा डबा. मग हिंग. हिंगाच्या डबीत नाक घालून पाच मिनिटं बसलो होतो. डोळ्यांत पाणी आलं, पण ते हिंगानं नव्हे.

डॉक्टरांनी सांगितलं की तापानंतर होतं असं कधी कधी, येईल परत, कदाचित नाही येणार. मी ते कुणाला सांगितलं नाही. नाकवाला माणूस म्हणून चार लोक ओळखत होते. बिननाकाच्या माणसाकडून अंघोळीचा चहा कोण घेणार? आणि अय्यांना सांगायचं म्हणजे त्या शनिवारी मी जे बोललो ते मागे घ्यायचं. ठरवलं, पुढच्या खेपेला सांगू.

पुढच्या खेपेला पेटी रिकामी होती. मुरुगेसननं वजन करता करता सांगितलं, "अप्पा येत नाही म्हणतात. मूक्कु सार म्हणाले म्हणजे खरंच असणार, आपल्या नाकाचा आता भरवसा नाही, म्हणतात. चुकून मेलेलं मूळ विकलं जायला नको."

इथं मी तोंड उघडायला हवं होतं. मी म्हणालो, "विश्रांती हवीच या वयात."

आणि वाळा घेऊन घरी आलो.

पुढची चार वर्षं मी जो धंदा केला त्याला धंदा म्हणायचं की नाटक, हे वाचकांनी ठरवावं. सगळं वजनकाट्यावर आलं. किती ग्रॅम काय, हे वहीत लिहून ठेवलं आणि वहीप्रमाणे मिसळत राहिलो. नाकाचं काम डोळ्यांनी आणि चेहऱ्यानं करायचं. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी बाजारात टेबल मांडून बसलो की गिऱ्हाइकासमोर पुरचुंडी नाकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि 'हं' म्हणायचं. या 'हं'चा मी चांगला अभ्यास केला. ज्याला खरंच वास येतो तो छोटा श्वास घेतो, अय्यांनी शिकवला तसा. ज्याला येत नाही तो लांबलचक घेतो. माझे श्वास दर वर्षी लांबत गेले आणि लोकांना वाटलं, अनुभव वाढतोय. एक निवृत्त शिक्षिका दर दिवाळीला कार्ड पाठवायच्या की, तुमच्या वाळ्याचा सुगंध हल्ली दिवसभर दरवळतो. ती कार्डं मी कपाटात जपून ठेवली आहेत. इतकं निखळ कौतुक मला खरं नाक असताना कधी मिळालं नव्हतं.

सगळेच काही फसले नाहीत. अक्का आता चहा पीत नसत, अंघोळच करत. एकदा दिवाळीच्या सकाळी मी त्यांच्या पाया पडायला गेलो. इथे त्या दिवशी भेटलं की 'गंगास्नान झालं का' असं विचारायची रीत आहे. मी विचारलं. त्या म्हणाल्या, "जाहलं. पण पाण्यास वास नाही रे हल्ली." मी म्हणालो, अक्का, पाणी जास्त घेतलं असेल. सुनंदा तर दोन-तीनदा म्हणाली, "वाळा कमी वाटतोय हो." पहिल्यांदा मी म्हणालो, तुझं नाक चोंदलंय. नंतर म्हणालो, माझ्या नाकाला शिकवू नकोस. तिनं मग विचारणं सोडलं. माझ्या तोंडून दुसऱ्यांदा तेच घडत होतं, हे मला तेव्हा दिसलं नाही. किंवा दिसलं आणि मी पेपर उघडला.

मुरुगेसनकडून मी नियमानं माल आणत होतो. पोतं उघडायचं, पाणी घ्यायचं, मुळं चोळायची, लांब श्वास घ्यायचा, मान हलवायची. तोही मान हलवायचा. रिकाम्या पेटीवर आता पावत्यांची चळत असायची. दर वेळी मी तिच्याकडे न बघता बाहेर पडायचो.

मग एका सकाळी त्याचा फोन आला. अय्यांना ऐंशी वर्षं पुरी होत होती. हजार पूर्णचंद्र पाहिलेल्या माणसाचा सोहळा, आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शन करतात तसाच. इथे त्यात मोठी अंघोळ असते. वनस्पती घातलेल्या पाण्याच्या कलशांनी मुलंबाळं म्हाताऱ्याला आणि म्हातारीला न्हाऊ घालतात. मुरुगेसन म्हणाला, "पाण्यातला वाळा तुम्हीच निवडायचा, सार. अप्पांनी सांगितलंय. दुसऱ्या कुणाच्या नाकावर त्यांचा विश्वास नाही, स्वतःच्याही नाही. शनिवारी या. तेही दुकानात येणार आहेत, बघायला."

फोन ठेवला आणि मी सुनंदाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. सगळं सांगितलं, ताप, पोतं, दूध, हिंग, पेटी. ती लाटत राहिली. मला वाटलं रडेल किंवा कीव करेल. पोळी तव्यावर टाकून ती म्हणाली, "म्हणजे माझं नाक बरोबर होतं."

"हो."

"चार वर्षं मी वाफारा घेतेय."

तिनं पोळी उलटली. "मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा."

तमिळ माझं बाजारापुरतं. भाव विचारता येतो, क्षमा मागता येत नाही. म्हणून अक्कांकडे गेलो आणि एका ओळखीच्या माणसाचं म्हणून विचारलं की, 'मला वास येईनासा झाला होता, दोष तुमचा नव्हता, मी सांगितलं नाही' हे तमिळमध्ये कसं म्हणायचं. अक्कांनी मला तीन वेळा ते म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज चिरकला. अक्का चष्म्यावरून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यास सांग, तमिळ चुकलं तरी चालतं. उशीर नको म्हणावं आता."

शनिवारी दुकान नेहमीसारखं भरलेलं. अय्या पेटीवर नव्हते, गिऱ्हाइकांसाठीच्या स्टुलावर बसले होते, अंग चोरून, जणू दुसऱ्याच्या दुकानात आलेत. मला बघताच हात जोडून उठू लागले. मुरुगेसननं दोन पोती उघडली आणि दोन जुड्या माझ्या हातात दिल्या. एक त्याच्या नेहमीच्या व्यापाऱ्याकडची, एक नव्या. अय्यांनी स्वतः भांड्यातून माझ्या तळहातावर पाण्याचे दोन थेंब घातले आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबले.

मी मुळं चोळली. सवयीनं डोळेही मिटले. 'हं' अगदी ओठांवर आलं होतं.

अक्कांनी शिकवलेलं वाक्य निम्मंच आठवलं. बाकीचं मी मराठी, इंग्रजी आणि हातवाऱ्यांनी पुरं केलं. नाकाकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, हे मेलं. मुळं नव्हती मेली. चार वर्षांपूर्वी, त्या दिवशीसुद्धा. तुम्हाला वास येत होता तो खरा होता. मला दोन दिवसांनी कळलं. मी सांगितलं नाही. एका गिऱ्हाइकानं दुसऱ्याला विचारलं की हा काय म्हणतोय, आणि त्यानं माझ्यापेक्षा चांगल्या तमिळमध्ये ते पुन्हा सांगितलं. म्हणजे माझा गुन्हा त्या दुकानात दोनदा वाचून दाखवला गेला.

अय्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाले, "दोन दिवसांनी कळलं?"

"हो, अय्या."

"चार वर्षं. माझ्या वयाला चार वर्षं म्हणजे किती, तुम्हाला ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हतं, आणि या वेळी मी ठाऊक असल्यासारखं दाखवलं नाही.

त्यांनी माझ्या हातातल्या दोन्ही जुड्या घेतल्या. पाणी घेतलं. चोळलं. छोटासा श्वास. नव्या व्यापाऱ्याची जुडी बाजूला ठेवली. नेहमीच्या व्यापाऱ्याची पुन्हा चोळली, मग मुरुगेसनकडे वळून अगदी शांतपणे विचारलं, "हा माल किती दिवस घेतोस?"

मुरुगेसन म्हणाला, तीन वर्षं तरी. मूक्कु सार दर महिन्याला तोच पसंत करतात.

"सेत्तुपोन वेर," अय्या म्हणाले.

तीन वर्षं मुरुगेसननं माझ्या मान हलवण्याच्या भरवशावर ती उकळून काढलेली मुळं घेतली होती, आणि मी त्याच्या मान हलवण्याच्या भरवशावर. अय्यांच्या पेटीसमोरून पन्नास वर्षांत जे विकलं गेलं नव्हतं ते त्यांना पेटीवरून उठवून मी पोत्यानं घरी नेलं होतं, भरडलं होतं, मलमलीत बांधलं होतं. सुनंदा बरोबर होती, अक्का बरोबर होत्या. मला आधी आठवलं काय, तर त्या शिक्षिकांची कार्डं.

अय्यांनी पावत्यांची चळत उचलून मुरुगेसनच्या हातात दिली, पंच्यानं पेटी झटकली आणि बसले. मला बसायला कुणी सांगितलं नाही. मी बीच स्टेशनपर्यंत रिकाम्या पिशवीनं चालत आलो.

सोहळ्याला जाऊ नये असं वाटत होतं, पण सुनंदानं साडी काढून ठेवलेली पाहिली आणि गेलो. अंगणात पाटावर अय्या आणि त्यांच्या पत्नी, ओल्या कपड्यांत, नव्या नवरानवरीसारखे लाजत बसलेले. घरचे कलश संपल्यावर पाहुण्यांची पाळी आली. मुरुगेसननं एक कलश माझ्या हातात दिला. मी पाणी घालताना अय्या मान वर करून म्हणाले, "वाळा मी निवडलाय." सुनंदानं माझ्या शेजारी उभं राहून छोटासा श्वास घेतला आणि तिचे डोळे मिटले. तो वाळा कसा होता, हे मला एवढंच ठाऊक आहे.

जुन्या गिऱ्हाइकांना मी पत्रं लिहून सांगितलं की तीन वर्षं माल वाईट होता, हवं तर पाकिटं बदलून घ्या. फार थोड्यांनी घेतली. शिक्षिकांनी कळवलं की, असं कसं, आम्हाला तर वास यायचा. मिसळायचं काम आता सुनंदा करते. वही तिनं माळ्यावर टाकली. मी गाठी मारतो, त्याला नाक लागत नाही.

माझं नाक परत आलेलं नाही. सामान आणायला मात्र मीच जातो, तेवढं सुनंदानं माझ्याकडे ठेवलंय. अय्या अजून पेटीवर बसतात. त्या शनिवारविषयी ते पुन्हा एक शब्द बोललेले नाहीत, आणि क्षमा केली असंही म्हणालेले नाहीत. मी गल्लीच्या तोंडाशी दिसलो की भरल्या दुकानात पूर्वीसारखंच ओरडतात, मूक्कु सार आले, जागा द्या. ज्यांना गोष्ट ठाऊक आहे ते हसतात, ज्यांना नाही ते आदरानं बाजूला होतात. मी घरी आल्यावर म्हणालो, त्यांनी मनातून काढून टाकलं बहुतेक. सुनंदा म्हणाली, शिक्षा आहे ती, तुम्हाला कळत नाही.

यातलं कुठलं खरं ते मला ओळखता येत नाही. अय्या माझ्या तळहातावर पाण्याचे दोन थेंब घालतात, मी मुळं चोळतो आणि हात त्यांच्या नाकाशी धरतो.